चौथा दिवस, चार दहा ते चार चाळीस

पोर्तुगालला जायचं असं मी आणि बारक्याने नऊ वर्षांपूर्वी ठरवलं, आणि त्यानंतर आम्ही ठरवतच राहिलो.

बारक्या माझा शाळेतला मित्र. सातवीत तो बारीक होता. आता बसमध्ये त्याच्या शेजारी बसलेला माणूस दोन थांबे आधीच उतरतो, पण नाव पडलं ते पडलं. तो मला कवळ्या म्हणतो, कारण मी कवळ्या बनवतो. दवाखान्यातून जबड्यांचे साचे येतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो आणि परत पाठवतो. माणूस कधी दिसत नाही. माझ्या ओळखीचे चारेक हजार लोक आहेत, सगळे नाकाच्या खालचे.

लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी आणि पॉलिशवाले काका. काकांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "एक दात किंचित वाकडा बसव. सगळे सरळ बसवलेस की लांबून कळतं, खोटे आहेत म्हणून."

पोर्तुगालचा बेत मी त्याच पद्धतीने केला. कॉम्प्युटरवर एक फाईल होती, दोघांनाही दिसेल अशी. आठ दिवस, दोनशे चाळीस ओळी. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही फोन लावून ती उघडायचो. बारक्याचा हिरवा चौकोन फाईलमध्ये फिरताना मला दिसायचा. बऱ्याचदा आम्ही काही बोलायचोही नाही. तो चौकोन ओळ तीसवर जाऊन नुसता थांबायचा. मी समजायचो, जेवतोय.

आठ दिवस अगदी सरळ झाले होते, म्हणून मी एक दात वाकडा बसवला. चौथ्या दिवशी, युरोपची जमीन जिथे संपते त्या कड्यावर, दीपगृहासमोर. 'चार दहा ते चार चाळीस: बारक्या आणि कवळ्या भांडतात. विषय: नकाशा कोण धरणार. शेवटची दहा मिनिटं बाकावर बसून समुद्र बघणे, कोणी बोलायचं नाही.' आम्ही कुठेही गेलो की चौथ्या दिवशी भांडतो. सहल तीन दिवसांची असेल तर घरी येऊन भांडतो. भांडणाला जागा ठेवलेली बरी. नकाशा अर्थात मीच धरणार होतो. बारक्या दक्षिणेला 'खाली' म्हणतो.

लॅबच्या भिंतीवर मी दुसरं घड्याळ लावलं, तिथल्या वेळेचं. साचे घेऊन येणाऱ्या माणसाला वाटतं, ते मागे पडलंय. वर्षातून दोनदा तिथले लोक घड्याळ तासाने हलवतात, तेव्हा मी स्टुलावर चढून हलवतो. काका खालून स्टूल धरतात आणि म्हणतात, "पडशील इथे, आणि तिकडे एक तास उशिरा कळेल."

यंदा मात्र जायचंच, असं मी ठरवलं. बारक्याचं लग्न होऊन सात महिने झाले होते. आता नाही तर मग गुडघे गेल्यावरच, हा हिशोब मला कळत होता. मी पासपोर्ट काढला. फोटोत दात दाखवायचे नाहीत असा नियम होता. धंद्याच्या दृष्टीने तो अपमानच, पण मी तोही गिळला. शुक्रवारी फोन लावून सांगणार होतो, तारीख बोल म्हणून.

फोन त्यानेच केला, गुरुवारी. तिथेच मला संशय यायला हवा होता.

"कवळ्या, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"तिला समुद्र आवडतो."

"वहिनींना? चांगला असतो समुद्र."

"तिला सुट्टी मिळालीय. पुढच्या महिन्यात. आठच दिवस." मग घाईने म्हणाला, "आपल्याकडे आठ दिवसांचं तयारच होतं ना रे."

मी हातातला जबडा खाली ठेवला. "मग मी कुठे बसू? डिकीत?"

तो हसला. जरा जास्तच वेळ हसला. म्हणाला, "आपण जाऊच रे दोघं नंतर. हे काय, समज ही चाचणी. तुमच्याकडे ते मेणातलं करून बघता ना आधी, तसं."

मी म्हटलं, वा, मस्त, जा. मेणातली कवळी एकदा तोंडात बसली की तीच पक्की करतात, दुसरी कोणी बनवत नाही, हे त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं. नऊ वर्षं मी दुसरं काय बोलत होतो.

त्याने फाईलची प्रत काढली आणि त्यात 'कवळ्या' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'राणी' घालायला कॉम्प्युटरला सांगितलं. तो बायकोला राणी म्हणतो हे मला तेव्हा कळलं. कॉम्प्युटरला बाकी काही कळलं नाही. वहिनींनी विमानात बसल्यावर वाचायला घेतलं. ओळ अकरा: 'राणी घोरतो, त्याला भिंतीकडे तोंड करून झोपवणे.' ओळ अठ्ठेचाळीस: 'राणीचे दोन दिवसांचे मोजे वेगळ्या पिशवीत, पिशवी खिडकीबाहेर.' ओळ एकशे दोन, जी मी काकांच्या आग्रहाखातर घातली होती: 'तिथे राणी कशा बनवतात ते एखाद्या दुकानात जाऊन बघणे.'

उतरल्यावर त्यांचा मेसेज आला. 'भाऊजी, मी घोरतो का?'

मी लिहिलं, 'क्षमा असावी वहिनी. चांगली झोप लागली की घोरता.'

पहिले तीन दिवस मी दात बसवत होतो आणि ते दोघं कुठे आहेत हे मला मिनिटामिनिटाला माहीत होतं. दुसऱ्या घड्याळात साडेनऊ वाजले की मी काकांना सांगायचो, आता निळ्या टाइल्सची भिंत. सव्वाअकराला सांगायचो, आता चढ लागला, बारक्याला धाप लागली असणार. काका यंत्र बंद करून म्हणायचे, "पाणी पी म्हणावं त्याला."

तिसऱ्या दिवशी फोन आला. मागे गलका होता.

"कवळ्या, ती पिवळी ट्राम. सगळ्या भरून येतायत. चौथी गेली."

"तू मधल्याच थांब्यावर उभा असणार."

"मग?"

"उलटा चालत पहिल्या थांब्यावर जा. तिथे रिकामी मिळते. ओळ एकसष्ट."

"अरे हो." तो कोणाला तरी म्हणाला, "खाली जायचंय." मग मला म्हणाला, "तू नसतास तर काय झालं असतं रे."

मी नव्हतोच. पण ट्रामच्या थांब्यावर असल्या गोष्टी काढत बसत नाहीत.

चौथ्या दिवशी आमच्याकडे रात्र झाली तरी आम्ही लॅबमध्येच होतो. एका आजींच्या वरच्या ओळीचं मेण घोटायचं राहिलं होतं, ते समोर घेऊन बसलो. काकांनी डबा पिशवीत घातला, दुसऱ्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "चार पाच. निघतोस का?"

"अर्धा तास थांबतो. भांडण आहे."

"बरं," काका म्हणाले. "जास्त ताणू नकोस." आणि गेले.

फोन येणार नाही याची मला बऱ्यापैकी खात्री होती. ती ओळ आता वहिनींची होती. भांडायचं तर ते दोघं भांडतील. नवीन लग्न आहे, मजेत भांडतील.

चार दहाला फोन वाजला. आधी नुसता वारा ऐकू आला.

"हं," बारक्या ओरडून म्हणाला. "कर सुरू."

"काय?"

"चार दहा झाले. भांड."

"वहिनी कुठायत?"

"ती दीपगृहाचे फोटो काढतेय. ती म्हणाली, ही ओळ काही माझी वाटत नाही, तुझी तू निस्तर. चल, बोल. नकाशा कोण धरणार?"

नऊ वर्षं माझी उत्तरं पाठ होती. सातवीत त्याने आम्हाला टेकडीऐवजी दगडखाणीत नेलं होतं तिथून सुरुवात करायची होती. मी विचारलं, "आत्ता कोणाकडे आहे?"

"तिच्याकडे. मस्त वाचते. तुझ्यापेक्षा मस्त." तो मला टोचत होता. भांडणात असंच म्हणायचं असतं, बरोबर होतं त्याचं.

"मग राहू दे तिच्याकडेच," मी म्हटलं.

"अरे, असं नाही! तू म्हणायचं, खाणीत नेलं होतंस. मग मी म्हणायचं, तू तंबू विसरला होतास."

"काय म्हणायचं ते मला माहीत आहे. मीच लिहिलंय."

वारा येत राहिला. मधूनच कोणीतरी परक्या भाषेत हसलं.

"कवळ्या, रागावलायस?"

"तसं त्या ओळीत नाहीये."

"ओळीत नाहीये, पण आहेस का?"

मी मेणातला एक दात काढला आणि परत लावला. "पासपोर्ट काढला होता मी," मी म्हटलं. "त्या गुरुवारच्या आधी."

तो चालायला लागला असावा, बराच वेळ पायाखालच्या खडीचा आवाज आला. मग म्हणाला, "सांगितलं का नाहीस?"

"शुक्रवारी सांगणार होतो."

भिंतीवर चार तेवीस झाले होते. बोलायला अजून सात मिनिटं होती, आणि ती आम्ही दोघांनीही वापरली नाहीत. साडेचारला तो हळूच म्हणाला, "बाकावर बसतोय हं." मी म्हटलं, "बस." मीही स्टूल ओढून बसलो. समोर आजींचे वरचे चौदा दात होते. त्याने फोन समुद्राकडे धरला असावा, कारण आवाज वाढला. पाणी कड्याच्या खूप खाली असतं, हे मी ओळ एकशे अठरामध्ये लिहिलं होतं. तरी ऐकू येत होतं. किंवा वारा असेल.

चार चाळीसला लांबून वहिनींचा आवाज आला, "झालं का?"

"झालं," बारक्या म्हणाला. मग मला म्हणाला, "चल रे, बस आहे."

"चार पंचावन्नची. डावीकडे बस, कडा दिसतो."

फोन बंद झाला. मी चार पंचावन्नपर्यंत थांबलो, कारण ती बस कधीकधी लवकर सुटते. मग मेणावर झाकण घातलं, दिवा घालवला. दुसरं घड्याळ काढून ठेवावं असं वाटलं, पण स्टूल धरायला कोणी नव्हतं. शिवाय परतीचं विमान अजून चार दिवसांनी होतं, आणि विमानतळाच्या दारात बारक्याला पासपोर्ट सापडणार नव्हता. तो त्याच्या जॅकेटच्या आतल्या डाव्या खिशात असतो. फाईलमध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही. मी शेजारीच उभा असणार होतो, लिहायची गरज नव्हती.