रंगाखालचा पाइप

मित्रांनो, लखनऊच्या इंदिरा नगरात नरहरकाकांच्या फाटकाशी जी निळी पिकअप उभी दिसते ना, ती मी. अंगावरच्या रंगाला भुलू नका. वय माझं बरंच झालं आहे.

तरुणपणी मी लष्कराच्या छावणीत भाजी, पीठ, गाद्या वाहिल्या. पुढे लिलावात निघाले आणि गेल्या वर्षी, १९९४ साली, रेल्वेतल्या इंजिनिअर नरहरकाकांनी मला घरी आणलं. निळा रंग त्यांच्या नऊ वर्षांच्या चेतनानं निवडला, नावही तिनंच ठेवलं, नीलम. म्हातारपणी नाव मिळायला नशीब लागतं. मी हरखून गेले.

काकांना धास्ती होती आगीची. पेट्रोलचा कुजका पाइप त्यांनी टाकीपासून इंजिनापर्यंत बदलला, एकेक जोड हुंगून पाहिला. ब्रेकचा पाइप मात्र नुसता घासला आणि त्यावरही निळा रंग फासला. वरून कीर्तन, आतून तमाशा!

हरिहर मिस्त्री म्हणाले, "साहब, ब्रेक का पाइप भी बदलवा लीजिए. अंदर से गल गया होगा."

"देखेंगे," काका म्हणाले.

प्रतिमाकाकूंना राहवेना. "अहो, तो सांगतोय तर बदला ना. पोर बसणार आहे गाडीत."

"अगं, पाइप फुटला तर गाडी जागच्या जागी थांबते. वीस वर्षं रेल्वेत हेच बघतोय मी."

रेल्वेत खरंच तसं असतं. तिथल्या पाइपात दाबलेली हवा असते, पाइप फुटून ती गेली की ब्रेक आपोआप लागतात. माझ्या पाइपात तेल असतं. ते गेलं की ब्रेकच जातात. काका हे कधीतरी शिकलेले असणारच, पण सवय मोठी वाईट. मला ओरडून सांगावंसं वाटे. तोंड कुठून आणू?

मग थेंब थेंब तेल झिरपू लागलं. ब्रेकचं तेल रंग खातं. माझ्या मागच्या चाकावर फोड उठले, ते चेतनानंच पाहिले.

"बाबा, नीलम का रंग उखड़ रहा है!"

"उन्हानं असेल. दिवाळीला पुन्हा लावू."

त्या रविवारी आम्ही सरोजिनी नगरला निघालो, काकूंच्या बहिणीकडे. चेतना दोघांच्या मध्ये बसली होती. वाटेत रेल्वेचं फाटक बंद दिसलं. काकांनी ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. त्यांनी हँडब्रेक खेचला, तरी मी घसरत जाऊन फाटकाच्या दांड्यावर आदळले. नाकासमोरून धडधडत आगगाडी गेली. चेतनाचा ओठ फुटला होता. काका स्टिअरिंग सोडेनात. "चुकलं माझं," एवढंच ते पुटपुटत राहिले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ब्रेकचे सगळे पाइप नवे बसवले. आता मी हलक्या पायानंही थांबते. रोज सकाळी काका दार उघडून म्हणतात, "चल गं, शाळेत सोडतो."

"नहीं बाबा, मैं रिक्शे से जाऊँगी."

मित्रांनो, जुन्या वस्तूवर माया असेल तर रंगाचा डबा उघडण्याआधी खाली वाकून तिचं पोट बघा. माझा पाइप एका दिवसात बदलता आला. चेतना मात्र अजूनही माझ्यापासून चार हात दूर उभी राहून रिक्षाची वाट बघते.