आईचा इंग्रजीचा वर्ग

त्या बुधवारी आईने कॅनडातून, दादाच्या घरून व्हिडिओ कॉल केला. तिथे परदेशातून येऊन राहिलेल्यांना सरकार इंग्रजी फुकट शिकवतं, त्या वर्गात ती बसून आली होती. वर्गात शेजारी बसलेल्या गुरमीतबाई शीख; आई त्यांच्या तीर्थक्षेत्राची, नांदेडची आहे हे कळताच त्यांनी तिचे हात आपल्या डोळ्यांना लावले होते. ते सांगताना ती अजूनही लाजत होती.

दुसऱ्या दिवशी नियम बदलला. येऊन बरीच वर्षं झालेल्यांना, म्हणजे आईलाही, वर्ग बंद. दादाची मुलं सांभाळत आई घरातच गप्प होत गेली आणि त्याच हिवाळ्यात वारली.

दादा अस्थी घेऊन नांदेडला आला. लातूरचे मामा येईपर्यंत मी मुद्दाम थांबले. गोदावरीच्या घाटावर तो त्यांना म्हणाला, "सरकारी नियम होता मामा. माझ्या हातात काय होतं?"

भावाशी वाकडं नको, म्हणून आईने मला सगळं सांगूनही कायम गप्प बसवलं होतं.

"दादा, गुरमीतबाईंच्या गुरुद्वाऱ्यातला वर्ग सगळ्यांना खुला होता. त्या आईला न्यायला दारात आल्या आणि तू त्यांना परत पाठवलंस. तुला घरात फुकटची आया हवी होती. कलशावर हात ठेव आणि मामांना सांग, हे खोटं आहे."