आधी नमस्कार

राजधानीतून, लुसाकाहून, तपासणीचा कागद आला, तेव्हा नामाकाऊला पुरून अकरा दिवस झाले होते. दवाखान्यातल्या मुटुम्बा सिस्टरने तो नामाकाऊच्या नवऱ्याला, सितवालाला, वाचून दाखवला. टीबी नव्हताच. माकडहाडात कर्करोगाची गाठ होती, लाखांत एखाद्याला होणारी, हळूहळू वाढणारी.

"लवकर कळली असती तर?"

"गाठ लहान असताना कापून काढतात, भाऊ. पुष्कळ जण जगतात."

"मग आठ महिने टीबीच्या गोळ्या कशाला चारल्या?"

"इकडे कणा दुखला की टीबीच धरतात. पण गोळ्यांनी उतार पडला नाही, तर लगेच हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा असतो. तिचा अगदी शेवटी पाठवला. तिच्या कार्डावर दर वेळी लिहिलंय, बरं वाटतंय."

ते कसं लिहिलं गेलं, हे सितवालाला ठाऊक होतं. डॉक्टर परमुलखातला. "कशी आहेस?" विचारायचा. इथला लोझी जमातीचा माणूस मोठ्यासमोर गुडघे टेकतो, टाळ्या वाजवतो, बरं आहे म्हणतो. दुखणं त्यानंतर सांगायचं. डॉक्टर पहिलंच उत्तर लिहून पुढच्याला हाक मारायचा.

एकदा नामाकाऊ गुडघे न टेकताच बोलू लागली. "डॉक्टर, मला बसता..."

सितवाला तिच्यावर खेकसला. "रीत विसरलीस? आईने हेच शिकवलं का? आधी नमस्कार कर!"

तिने कसेबसे गुडघे टेकले, टाळ्या वाजवल्या, बरं आहे म्हणाली. डॉक्टरने लिहिलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "झालं समाधान? आता तूच जा आत आणि सांग."

तो गेला नाही. परतताना ती होडीत कुशीवर पडून होती, त्याच्याकडे पाठ करून.

"टीबी नव्हता, तेवढं सासूबाईंना सांगा," कागद त्याच्या हातात देत सिस्टर म्हणाली. म्हातारीला पूर्वी टीबी झाला होता. आपल्याच खोकल्याने पोरगी गेली, असं तिने धरलं होतं. नातवंडं जवळ आली की ती उठून जायची.

सितवाला दुसऱ्याच दिवशी तिच्याकडे गेला. टीबी नव्हता म्हटलं, की ती विचारणार, मग डॉक्टरला कळलं कसं नाही? तिने मासा वाढला. त्याने खाल्ला, तिचं मोडलेलं कुंपण नीट केलं आणि परत आला.

महिना झाला. म्हातारीला त्याने अजून काही सांगितलेलं नाही.