वाफेवरची फुलं

आमच्या इडलीपात्रात मी इडल्या कमी आणि बॅडमिंटनची फुलं जास्त वाफवलीत. शटलला आमच्या घरात फूलच म्हणतात. पिसं कोरडी पडली की दोन फटक्यांत मोडतात. म्हणून खेळायच्या आधी फुलांचा तो लांबडा डबा दोन्हीकडून उघडायचा, वाफेवर धरायचा, दहा मोजायचे आणि बाजूला घ्यायचा. जास्त झालं की पिसं लोळतात. हे शिकवलं माझ्या नातीच्या, आम्रपालीच्या सरांनी. मी मात्र आमच्या धायरी गावभर सांगितलं की ही विद्या माझ्या माहेरची. सिंधूला रिओत चांदीचं पदक मिळालं ना, ती फुलंसुद्धा याच इडलीपात्रातली. विमानतळावर मी स्वतः देऊन आले. पोलिसाने अडवलं, त्याला एक इडली दिली.

आमू हे ऐकतच मोठी झाली. "आजी, थापा!" म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची.

सतरा वर्षांची पोर, राज्याच्या संघात होती. गेल्या वर्षी कोथरूडच्या कोर्टवर मागे उडी मारली आणि उतरताना गुडघा फिरला. ऑपरेशन झालं. बरी होतेय म्हणता म्हणता पुन्हा फिरला. पुन्हा ऑपरेशन.

आज डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवलं आणि मला नि माझ्या मुलाला, समाधानला, आत बोलावलं. म्हणाल्या, "चालेल, जिने चढेल. पण खेळणं संपलं. आता परत फिरला तर चालणंही अवघड होईल."

आमू नि मी रिक्षाने घरी आलो, समाधान मागून गाडीवर. आमू कठड्याला धरून वर गेली. समाधान गाडीपाशीच उभा, डोक्यावर हेल्मेट तसंच.

"आई, तूच सांग तिला. तुला बोलायला येतं."

वा! जन्मभर माझ्या थापांवर चिडला, आणि खरं सांगायची पाळी आली तेव्हा मी आठवले.

वर गेले तर आमूने इडलीपात्रात पाणी उकळत ठेवलेलं.

"आजी, फुलं वाफव. उद्यापासून हळूहळू सुरू करते. सायनाचा गुडघा रिओनंतर कापला होता, पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत पदक! काय म्हणाल्या गं डॉक्टर?"

मी डबा वाफेवर धरला. "आमू, खेळायचं नाही आता. कधीच नाही."

ती हसली. "ही नाही जमली, आजी. तुझ्या थापेत निदान एक पोलीस तरी असतो."

"शपथ."

"कुणाची? सिंहगडावर वाघाला ताक पाजलंस तेव्हा माझीच घेतली होतीस."

"अगं, खरंच."

"बरं, मग? गुडघ्याने राजीनामा दिला का?"

मीच शिकवलं होतं तिला, माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून. मी "नाही गं, नाही गं" करत राहिले, ती हसत राहिली. मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"आजी, डबा काढ! दहा कधीच झाले."

मी मोजलेच नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने डबा घेतला, एक फूल बाहेर काढलं. पिसं भिजल्या चिमणीसारखी मिटलेली. तिने फुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू तिथेच थांबलं.

"बाबा वर का नाही आले?"

मी गॅस बंद केला.

बारा फुलं तिने एकेक करून खिडकीत वाळत मांडली. सरळ होणार नाहीत हे तिलाही माहीत होतं. मग खाली बसली, पाय लांब करून, आणि डोकं माझ्या मांडीवर टेकवलं.

"वाघाचं सांग."

"कुठला वाघ? मी जन्मात वाघ पाहिला नाही."

"माहितीये. सांग."

मी सुरू केलं. वाघ आला, शेपूट सावरून बसला, म्हणाला, आजी, ताक आहे का? पुढचं काही केल्या आठवेना. मग तीच सांगत गेली, मधेमधे नाक ओढत, एकही शब्द न चुकता.