उघाडीची वेळ

गुणाजीला सगळं गाव चालतंबोलतं घड्याळ म्हणायचं, आणि ते ऐकून त्याच्या बायकोला, मालूला, दरवेळी हसू फुटायचं. त्या घड्याळाला किल्ली देणारी बाई घरात चुलीपाशी बसलेली असते हे गावाला ठाऊक नव्हतं. गुणाजीनंही चौतीस वर्षांत ते कुणाला सांगितलं नव्हतं.

गाव पेण तालुक्यातलं, धरमतरच्या खाडीला लागून. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि शेतात साठलेलं पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात एक दार. त्याला म्हणायचं उघाडी. ओहोटी लागली की उघडायची, भरतीचं पाणी चढायच्या आत लावायची. दिवसातून दोनदा, आणि रोज वेगळ्या वेळी. उघडायला उशीर झाला तर भात कुजतं, लावायला उशीर झाला तर जळतं. हे काम गावानं गुणाजीवर सोपवलं होतं आणि गुणाजीनं त्यापायी स्वतःलाच बांधाला जखडून घेतलं होतं. पावसाळ्यात उघाडी, पावसाळा सरला की खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवायची. कुणाच्या लग्नाला गेला तर अक्षता टाकून पंगतीआधी परत. लेक रंभा लग्न होऊन रोह्याला गेली त्याला सात वर्षं झाली, पण बापानं तिच्या घरी एक रात्र काढली नव्हती. मालू जायची, एकटीच. जावई विचारायचा, "बाबा नाय आले?" मालू म्हणायची, "येतील पुढच्या टायमाला." हे बोलताना तिची तिलाच लाज वाटायची.

रंभानं रोह्यात नवं घर घेतलं आणि श्रावणात सत्यनारायण घालायचं ठरवलं. मालूनं मनाशी गाठ मारली की या वेळी दोघांनी जायचं आणि चांगलं चार दिवस राहायचं. तिनं लेकीला फोन करून सांगून टाकलं, "तुझा बाप येणार असंल तर मी येईन. एकटी आता बास झालं."

रंभा एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरी बसून करायची. ती म्हणाली, "आये, उघाडीला मोटर लावू या. वेळेवर उघडायचं काम प्रोग्राम करंल."

वैशाखात जावयानं मोटर बसवली, पाण्याची उंची मोजायला बांधाच्या आत-बाहेर एकेक यंत्र लावलं आणि शेजारी एक छोटी पेटी ठेवली. रंभाचा पहिला प्रोग्राम अगदी साधा होता: दार उघड, लाव, मग पुढच्या ओहोटीपर्यंत झोप. पण तो एकदा झोपला की मेला की जिवंत कळायचं नाही. मधे रंभानं काही विचारलं तरी उत्तर नाही. तिनं तो बदलला आणि आईला फोनवर समजावून सांगितलं, "आता तो वाट बघत बसत नाय. टायमर लावतो आणि मधल्या वेळात दुसरी कामं करतो. पाणी मोजतो, माझे मेसेज वाचतो. टायमर वाजला की उठून दार उघडतो. ह्याला असिंक्रोनस म्हणतात."

"म्हणजे भात चुलीवर ठेवून मासळी साफ करायला घ्यायची, तसंच ना?"

"व्हय गो आये, तेच."

"मग ह्याच्यासाठी कंपनी कशाला पायजे?" मालू म्हणाली.

आषाढापर्यंत सगळं झकास चाललं. मग एका दुपारी तीन तास लाइट गेली. लाइट आली, पेटी पुन्हा सुरू झाली, आणि तिनं तिथून नव्यानं मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा केरू बांधावरून बोंबलत आला, "गुणादा, धाव! भरती चढतीय आन् दार सताड उघडं!" गुणाजी नेसत्या लुंगीनिशी पळाला आणि त्यानं हातानं दार खाली ओढलं. तोवर केरूच्या दोन खाचरांत खारं पाणी शिरलंच होतं. पुढचे दोन दिवस पाऊस मुसळधार कोसळला आणि त्यानं ते धुऊन काढलं म्हणून निभावलं.

गुणाजी घरी आला तो चिखलानं माखलेला, पण चेहरा कसा, लेकाला सरकारी नोकरी लागल्यासारखा. "बघितलंस? मशीनचं काम नाय ते. तू जाऊन ये रोह्याला."

मालूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याच्यासमोर चहा आदळला, परसात जाऊन रंभाला फोन लावला.

"तू बाबांना काय विचारलं होतंस गो?"

"एकदा उघडल्यावर पुन्हा उघडेपर्यंत किती वेळ जातो ते. तर म्हणाले, वेळ झाली की कळतं. मग मी इंटरनेटवर बघितलं. बारा तास पंचवीस मिनिटं."

"कळतं म्हणे! मी सांगते तवा कळतं त्यांना!" मालू कडाडली. "मला का नाय विचारलंस?"

सगळ्या गावानं जे केलं तेच रंभानंही केलं होतं. उघाडीचं विचारायचं तर उघाडीवाल्याला, असं धरून चालली होती.

"ऐक आता," मालू म्हणाली. "मी मागची वेळ धरतच नाय. रोज तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. आपली खाडी आत हाय, पाणी चढायला अर्धा तास जास्त. झाले साडेसहा. त्यावर तीन तास गेले की बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा खाली जातं, तवा उघडायची. तरीबी आधी बाहेरचं पाणी डोळ्यांनी बघायचं, मगच दाराला हात लावायचा. एक झाली की पुढची एकच ठरवायची, ती पण परत तिथीवरनं. मागची चुकली तरी पुढची चुकत नाय."

"आणि मी मागच्या वेळेतच मिळवत बसले," रंभा हळूच म्हणाली. "एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकणार. आये, एवढं सगळं तू कुठं शिकलीस?"

"तुझ्या आजीनं शिकवलं. लिहून घे आता, पाणी उकळतंय माझं."

रंभानं पंचांग घालून, आणि दार हलवण्याआधी दोन्हीकडचं पाणी बघायला लावून, प्रोग्राम नव्यानं लिहिला. पुढचा महिनाभर गुणाजी प्रत्येक ओहोटीला बांधावर जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला. कधी चुकतंय याची वाट बघत होता, दुसरं काय! लाइट अकरा वेळा गेली, आणि परत आली की पेटीनं दर वेळी तिथीवरनं वेळ नव्यानं काढली. दार एकदाही चुकलं नाही. शेवटी त्याच्याकडे सबब उरली नाही, आणि एका सकाळी चेहरा पाडून तो मालूच्या मागोमाग रोह्याच्या गाडीत चढला.

रोह्याला मालूचे दिवस कसे मजेत चालले होते. गुणाजी मात्र फोन मुठीत धरून बसायचा. दार उघडलं की पेटी मेसेज पाठवायची, लावलं की दुसरा. जावयानं त्याला कुंडलिका नदीवर फिरायला नेलं तरी नजर फोनातच. पूजेच्या दिवशी दशमी होती, उघडायची वेळ अकराची. अकरा वाजले. मेसेज नाही. सव्वाअकरा झाले. भटजींची कथा रंगात आली होती आणि गुणाजी उठून दारात चपला चढवत होता.

आता हा माणूस गेला की पुन्हा आयुष्यात यायचा नाही, हे मालूला पक्कं कळलं. ती मागोमाग जिन्यावर आली आणि त्याचा हात धरून तिनं केरूला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

"उघडली की!" केरू पलीकडून ओरडला. "पाणी धो धो चाललंय. गावात सकाळपासून नेट बंद हाय, मी कधीचा बांधावर उभा हाय."

गुणाजीनं फोन काढून घेतला. "दार पुरतं वर गेलंय?"

"पुरतं."

"कोण गेलं होतं तिथं?"

"कुणी नाय, गुणादा. आपोआप."

गुणाजी फोन परत देऊन जिन्याच्या पायरीवर बसला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दार उघडणार नाही याची त्याला जितकी भीती होती, त्याहून जास्त ते उघडेल याची होती, आणि मालूला हे गेला महिनाभर दिसत होतं. तिला त्याची फार दया आली. ती शेजारी टेकली.

"म्हणजे मी तिथं कुणाला लागत नाय आता," तो म्हणाला.

"तिथं नाय लागत," मालू म्हणाली. "हितं लागता. सात वर्षं लागताय."

आतून आरतीची घंटा ऐकू आली. गुणाजीनं पायातल्या चपला काढल्या, नीट जोडून भिंतीला लावल्या.

"सोमवारी निघायचं म्हणाली होतीस ना?"

"व्हय."

"बुधवारी निघालो तर?"

मालूनं पदर तोंडाला लावला. एवढा आनंद तिला लेकीच्या लग्नातही झाला नव्हता. मग ती उठली आणि रंभाला सांगायला आत गेली की बुधवारपर्यंत दोन माणसांचं जेवण जास्त लागंल.