फाटकावरच्या टाळ्या

गल्लीत तिला सगळे फौजदारीण म्हणत, आणि ती तो हुद्दा मिरवायची. शाळा चार यत्तांची, नवरा लवकर गेलेला. शिवणयंत्रावर पाय झिजवून तिने एकुलती लेक शिकवली, आणि ती लेक विमानतळाच्या मनोऱ्यात बसून विमानांना वाटा दाखवू लागली. मग काय, फौजदारणीच्या जिभेला धारच चढली. "तुमची पोरं गाड्या हाकतात, माझी विमानं हाकते," हे ऐकलं नाही असा कान गल्लीत उरला नव्हता.

एकच कान काही वळत नव्हता. लेकीच्या सासूचा. विहीणबाई बोलायला मऊ आणि टोचायला सुई. "खुर्चीत बसून दिवसभर बोलायचं," त्या एकदा म्हणाल्या, "तेवढं तर आम्ही घरीही करतो हो. पगार तेवढा कुणी देत नाही."

फौजदारणीला ते फार झोंबलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती विहीणबाईंना घेऊन विमानतळाच्या फाटकावर हजर.

पहारेकरी भला माणूस. म्हणाला, "मावशी, ताईंची पाळी संपतच आलीय. पंधरा मिनिटांत येतील खाली."

"पंधरा मिनिटं उन्हात वाळत घालतोस? वर फोन लाव."

"कामाच्या खोलीत फोन करता येत नाही. घरचं कुणी आजारी असलं तरच."

विहीणबाई पुटपुटल्या, "राहू द्या हो. इथं आपलं कोण ऐकणार?"

झालं. "लाव फोन," फौजदारीण कडाडली. "सांग, आईला चक्कर आली."

"पण मावशी, तुम्ही तर ठणठणीत..."

"मग आडवी पडून दाखवू का?"

बिचाऱ्याने फोन लावला.

दोनेक मिनिटं गेली असतील. मनोऱ्याच्या मागून एक विमान उतरत आलं, समोरून दुसरं. दोन्ही एकाच रेषेत. बघता बघता इतकी जवळ आली की आता आदळतीलच. आणि एकाएकी एकाने नाक वर उचललं, दुसऱ्याने खाली घातलं, आणि एकाच्या पोटाखालून दुसरं सर्रकन निघून गेलं. आवाजाने फाटक थरथरलं.

"बघा!" फौजदारीण ओरडली. "येतं का तुम्हाला घरबसल्या असं बोलायला?" आणि तिने टाळ्या वाजवल्या. चांगल्या खणखणीत.

तेवढ्यात लेक धावत आली. घामाघूम, हातात टोपण काढलेलं पेन तसंच. "आई, बस खाली, बस आधी!" मग तिने आईचं हसतं तोंड पाहिलं. विहीणबाईंकडे पाहिलं. मग हातातल्या पेनाकडे. त्या पेनाकडे बघता बघता तिचा चेहरा असा उतरला, की फौजदारणीची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळ्याला चिकटली. पहारेकऱ्याच्या खोलीतला फोन वाजायला लागला तो थांबेचना.

काय झालं ते तिला रात्रीच्या जेवणावर कळलं, तेही जावयाकडून. मनोऱ्यातली रीत अशी, की विमानाला जी उंची सांगितली ती लगेच त्याच्या कागदी पट्टीवर लिहायची. आणि खुर्ची दुसऱ्याला दिली, तरी पाच मिनिटं त्याच्या पाठीशी उभं राहायचं. लेकीने एका विमानाला तीन हजार फुटांवर उतर म्हणून सांगितलं, पेन टेकवणार तोच निरोप आला. पट्टी कोरी राहिली, ती पाच मिनिटंही राहिली. नव्या माणसाला तीन हजारांची जागा रिकामी दिसली, त्याने ती दुसऱ्या विमानाला दिली. विमानातल्या यंत्रांनी आपणहून बोंब मारली म्हणून वाचली. दोन्हींत मिळून तीनशे दहा माणसं.

लेकीला खुर्चीवरून उठवलं, चौकशी बसली. तिने लिहून दिलं, चूक माझी. आईचं नाव नाही की गाव नाही. घरातही अवाक्षर नाही. भांडली असती, ताट आपटलं असतं, तर फौजदारणीला बरं वाटलं असतं.

पण फाटकावरच्या कॅमेऱ्यात दोन बायका हसताना दिसत होत्या. चक्कर कुठली? पहारेकऱ्याने ओळखीपायी खोटा निरोप दिला असं ठरत आलं, आणि त्याला घरी बसवलं. हे कळलं तशी फौजदारीण म्हणाली, चौकशीत जाऊन खरं काय ते मीच सांगते.

"तुम्हाला कुणी बोलावलंय का?" विहीणबाई म्हणाल्या. "कशाला चार लोकांत जाता? झाकली मूठ राहू द्या." आवाजात सुई नव्हती. खरीखुरी दया होती. ती फौजदारणीला सुईहून जास्त लागली.

आठव्या दिवशी ती न बोलावता चौकशीच्या खोलीत जाऊन उभी राहिली. टेबलामागे तीन साहेब, कोपऱ्यात कारकून, बाजूला मान खाली घातलेली लेक.

"मला चक्कर आली नव्हती. पहारेकरी नको नको म्हणत होता, मीच त्याला सांगायला लावलं."

"का?"

फौजदारणीने पदर खांद्यावर ओढला. "विहिणीपुढे मिरवायचं होतं."

कारकुनाने लिहिलं. मोठे साहेब म्हणाले, "ठीक आहे. सही करा."

"एक राहिलंय. विमानं एकमेकांच्या अंगावर आली ना, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या."

"ते चौकशीत येत नाही, बाई."

"लिहा म्हणते ना! बोललेलं लिहायचं राहिलं की काय होतं, ते मी सांगायला हवं का तुम्हाला?"

कारकुनाने आणखी एक ओळ लिहिली. सहीसाठी लेकीने आपलं पेन पुढे केलं. फौजदारणीने एकेक अक्षर सुटं सुटं काढत सही केली.

जिना उतरताना ती म्हणाली, "पहारेकऱ्याला घेतील ना परत?"

"घेतील."

"आणि तुला?"

"सहा महिने खुर्ची नाही. मग पुन्हा परीक्षा."

दोन पायऱ्या गेल्या. फौजदारीण कठड्याला धरून थांबली. "टाळ्यांचं तुला आधीच सांगायला हवं होतं गं."

"सांगायला कशाला हवं?" लेक मागे न बघता म्हणाली. "आवारातून धावत येताना ऐकल्या होत्या मी."