फियाटला माशाचं तेल

"आजोबा, गाडीला माशाचं तेल? होडी आहे का ही?" मी तडकलोच.

होडी विकली, तरी पावसाळा जवळ आला की आजोबा त्यांची जुनी फियाट होडीसारखीच ठेवतात. लाकडी ठोकळ्यांवर चढवतात, बॅटरी काढतात, ताडपत्री बांधतात. गेल्या वर्षी उंदरांनी सगळ्या वायरी खाल्ल्या. परत तसं झालं तर गाडी सरळ भंगारात, असं पप्पा बोललेत. आणि आजोबा खालून तेल चोपडतायत.

"दोन दिवस थांब, मग बोंबल," ते म्हणाले.

दोन दिवसांनी बघतो तर गाडीखाली वाडीतली सात मांजरं, वर ताडपत्रीवर आठवं. त्याच्या तोंडात उंदीर.

आजोबांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. धक्क्यावरून तेल आणायचंय, निघतो आता.